‘काढून टाकलं’ची खातरजमा

फोन लावायचा असला की त्या खुर्चीतून उठत. समोरच्याला अवघड प्रश्न विचारताना आपण टेकून बसू नये, असं त्यांचं मत. न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या न्यूजरूममध्ये छापण्याआधी प्रत्येक बातमी त्यांच्या हाताखालून जाई. आम्ही मराठी मंडळी त्यांना काकू म्हणायचो.

तपासणारा माणूस संशयी असतो, असं आपण धरून चालतो. काकू संशयी नव्हत्या. त्यांना फक्त अर्धवट वाक्यं सहन होत नसत.

शाळेत नेमलेल्या एका पोलिसानं नववीतल्या मराठी मुलीला फोन दिला नाही म्हणून लॉकरवर ढकललं आणि बेड्या घातल्या. बातमी आमच्या मूळच्या नागपूरच्या रिपोर्टरची. त्यात पोलीस ‘धिप्पाड’ होता. काकूंनी फोन लावून त्या पोलिसालाच उंची विचारली.

“पाच फूट सहा. धिप्पाड काढ.”

“यार काकू, त्या पोरीला तो वाटणारच ना!”

“मग ‘तिला वाटला’ असं लिही.”

बातमीचं शेवटचं वाक्य होतं, ‘त्याला काढून टाकण्यात आलं.’

“हे कोण म्हणालं?”

“शाळेनंच तिच्या आईला सांगितलंय.”

“शाळेचे शब्द सांग.”

“‘तो आता इथे नाही.’ एवढंच.”

“मग कुठे आहे?”

रिपोर्टरनं ते विचारलं नव्हतं. काकूंनी दोन दिवस फोन केले. पोलिसानं चौकशी पूर्ण होण्याआधी स्वतःच राजीनामा दिला होता आणि शेजारच्या गावातल्या शाळेत तो नोकरीला लागला होता. मुलगी मात्र, त्याला काढलंय या भरवशावर पुन्हा शाळेत जाऊ लागली होती.

“छापून आल्यावर कळेलच तिला,” रिपोर्टर म्हणाला.

“तिच्याच बाबतीतली गोष्ट तिला बातमीतून कळायला नको.”

काकूंनी मुलीला आणि आईला स्पीकरवर घेऊन सगळं सांगितलं. मग मुलीनं इंग्रजीत विचारलं, “तिथल्या मुलांना हे माहीत आहे?”

“नाही.”

“मग तुम्ही थांबलात कशाला?”

“तुला विचारायला. छापलं की शाळेत तुला पुन्हा प्रश्न विचारतील. चालेल?”

“चालेल.”

बातमी आली. दुसऱ्या शाळेनं त्याला तूर्त घरी बसवलं. पुढे काय, ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.

काकू निवृत्त होऊन सांता क्लाराला लेकीकडे गेल्या. गेल्या महिन्यात ऑफिसात त्या मुलीचा फोन आला. बातमी वाचून त्या दुसऱ्या शाळेतल्या एका मुलानं तिला शोधून त्या पोलिसाबद्दल काही सांगितलं होतं.

“काकू आहेत?”

नाहीत, असं मी सांगितलं.

“ओके. मग तुम्ही घ्या लिहून,” ती म्हणाली. “त्यानं मला जे सांगितलं तेवढंच सांगते. मी तिथे नव्हते.”