शनवार तेली आणि माझा दुसरा विषय

ज्यू लोकांचा इतिहास, संस्कृती आणि धर्म हा मायनर, म्हणजे पदवीचा दुसरा विषय, मी निवडला तो शुद्ध भोचकपणातून. इथे बहरीनमध्ये, बाब अल बहरीन या जुन्या कमानीच्या मागच्या बाजारात, एका साध्या दारावरून मी लहानपणापासून जात होते. कुठल्यातरी ऑफिसचं दार असेल, असा माझा समज. ते सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे हे कॉलेजच्या वयात कळलं, आणि इतकी वर्षं नाकासमोरची गोष्ट दिसली नाही याचा मला रागच आला. माझा मुख्य विषय संगणकशास्त्र. विद्यापीठ परदेशातलं, पण शिकायचं नईम मोहल्ल्यातल्या आमच्या घरी बसून, लॅपटॉपवर. दोन आठवडे वर्गात बसून बघायचं आणि रविवारी फॉर्म पाठवून मायनर पक्का करायचा, असा नियम होता. आमच्या घरात मात्र अब्बांनी मान हलवल्याशिवाय काहीच पक्कं होत नाही.

दुसऱ्याच तासाला बाईंनी कोकण किनाऱ्याचा नकाशा दाखवला. तिथले ज्यू तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. मी ताठ बसले. हा तर आमचा रायगड जिल्हा! पुढचं चित्र एका ताटाचं होतं: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. खाली लिहिलं होतं, मलिदा. नवस फेडताना करतात. आता मलिदा म्हणजे आमच्या घरचा पदार्थ. फातेहाला, म्हणजे गेलेल्यांसाठी दुआ मागताना, अम्मी चपात्या कुस्करून त्यात गूळ-तूप घालते. मी तोंड वर करून वर्गाला सांगितलं की चित्र चुकलंय, मलिदा आमचा असतो आणि तो चपातीचा असतो. बाई रागावल्या नाहीत. घरी विचारून बघ, एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी अब्बा सित्र्याच्या कामावरून कंपनीच्या बसने आले. चहा होईपर्यंत मी कशीबशी थांबले आणि मायनरचं सांगितलं. शनवार तेल्यांचं नाव निघताच त्यांचा चेहरा आक्रसला. "मफी," ते म्हणाले. नाही म्हणजे नाही. नोकरीला उपयोगी पडेल ते शिक, त्या लोकांच्या वाटेला जाऊ नकोस. मला वाटलं, झालं, धर्म आडवा आला. मग मी त्यांना संकुचितपणावर लांबलचक भाषण दिलं, तेही इंग्रजीत, कारण भांडताना माझं मराठी पुरत नाही. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं, कप विसळला आणि नमाजाला गेले. मी जिंकले अशा थाटात बसले होते. अम्मी म्हणाली की एवढं बोललीस, पण का नको म्हणतात ते विचारलं नाहीस. अम्मी रत्नागिरीची, तिलाही कारण ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सुट्टी होती. जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप अब्बांपुढे ठेवला आणि ताटाचं चित्र उघडलं. ते वाकून बघायला लागले. मग म्हणाले की पोहे फार भिजलेत आणि वेलची दिसत नाही. मी तोंडघशी पडले होते, पण विचारायचं सोडलं नाही. हे तुम्हाला कसं माहीत?

हळूहळू कळलं ते असं. त्यांच्या गावात शेजारचं घर तेल्यांचं होतं. दोन्ही घरांची भिंतीला भिंत, आणि नवस फेडला की मलिद्याचं पहिलं ताट आमच्याकडे यायचं. ते कुटुंब इस्राएलला निघालं तेव्हा अब्बा बाविशीचे होते. त्या घरातल्या म्हातारीची कबर गावाबाहेर होती. निघताना तिच्या मुलाने अब्बांचे हात धरून सांगितलं, पावसाळा सरला की गवत काढ आणि चुन्याचा हात दे. अब्बा हो म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांचा बहरीनचा व्हिसा आला.

"तीस वर्षं लीव्हवर जातो मी. बहिणींची लग्नं केली, घर बांधलं. तिथे एकदाही गेलो नाय," ते म्हणाले. "तू शिकशील, त्यांच्यातलं कोण तरी भेटेल, गावाचं नाव विचारील. मग मी काय तोंड दाखवू?"

मी ज्याला संकुचित म्हणाले होते तो माणूस लाजेने खाली बघत होता. मला स्वतःची भयंकर शरम वाटली. माफ करा, एवढं मराठीत म्हणाले. मी लॅपटॉप मिटला. आता विषय संपला असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

शनिवारी सकाळी अब्बा बाजारातून भाजी घेऊन आले आणि पिशवी हातात तशीच धरून माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"ऑक्टोबरात लीव्ह टाकतो. गवत काढीन, चुनाही लावीन. पण त्या कबरीपाशी पढायचं काय, ते मला येत नाय गो. तोवर तू शिकून घे."