कॅसेटमधली रिकामी जागा

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते... आणि खरं सांगायचं तर हसते. पांढऱ्या साडीतली बाई, हायवेवर लिफ्ट मागणारा माणूस — या भुतांना दुसरी काही कामं नसतात का, असा मला नेहमी प्रश्न पडतो. आमचं गाव मालवणजवळ. तिकडे प्रत्येक पिंपळाला आणि विहिरीला एकेक भूत ठरवून दिलेलं आहे, आणि त्यातलं एकही मला आजवर भेटलेलं नाही. तेव्हा मी काही सहज घाबरणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं जे लिहितेय ते गावाला घडलेलं नाही. घाटकोपरला, पंतनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात, भर दुपारी घडलेलं आहे.

काळ ऐंशीच्या दशकातला. माझे बाबा परळच्या एका गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या मागावर. गिरणी बंद पडली ती पडलीच. मग मुलुंडच्या एका कारखान्यात ते वॉचमन म्हणून लागले. सारी हयात साच्यांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचे कान पार गेले होते. समोर उभं राहून, तोंड नीट हलवून बोललं तर त्यांना कळायचं. पाठीमागून हाक मारली तर काही उपयोग नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडून ओरडून थकायची आणि शेवटी बाहेर येऊन त्यांच्या खांद्याला हात लावायची.

मी मराठी शाळेत शिकून कसंबसं बी.कॉम. झाले होते. इंग्रजी उताऱ्यावरचे प्रश्न आले की प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते अख्खं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं — अर्थ कळला नाही तरी मार्क पूर्ण. मराठी शाळावाल्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर कळेल. पण समोरच्याने तोंड उघडून इंग्रजीत काही विचारलं की वाट लागायची. आणि मला नोकरीची आशा होती ती अंधेरीला, विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात, टेलिफोन ऑपरेटर म्हणून. तिथे तर दिवसभर कानाला इंग्रजीच.

"तुका नोकरी लागली काय मी ड्युटी सोडतलंय," बाबा म्हणायचे. "मगे गावाक जावन ऱ्हवतलंय."

हसत म्हणायचे, पण ते थकले होते. जिने चढून घरी आले की बूट न काढता खुर्चीवर बराच वेळ नुसते बसून राहायचे. वय झालं, असं म्हणून आम्ही पंखा लावून द्यायचो.

मावशीच्या ओळखीच्या एक बाई बोरिवलीला राहायच्या. त्यांच्याकडून मला इंग्रजी संभाषणाच्या कॅसेटींचा एक संच मिळाला. त्यांच्या मिस्टरांनी हौसेने आणला आणि तसाच ठेवून दिला, असं त्या म्हणाल्या. कॅसेटींवरचं पातळ प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. ते मी स्वतः दातांनी फाडलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. मामाने मस्कतहून आणलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, घरात होताच. दुपारी आईचं आवरलं की मी कॅसेट लावून बसायचे.

अभ्यासाची पद्धत सोपी होती. एक पुरुष — मी त्याला 'सर' म्हणायचे — स्वच्छ आवाजात एक वाक्य म्हणायचा. मग टण्‌ अशी घंटी, आणि थोडी रिकामी जागा. त्या जागेत आपण ते वाक्य म्हणायचं. मग पुन्हा घंटी, आणि सर पुढे. पुढच्या कॅसेटींमध्ये छोटे छोटे उतारे होते, त्यावर सर प्रश्न विचारायचे. उत्तरं त्याच रिकाम्या जागेत द्यायची.

पहिले काही दिवस मी मन लावून म्हटलं. एकदा तोंडात शेंगदाणे होते म्हणून गप्प राहिले, आणि त्या रिकाम्या जागेत मला एका मुलीचा आवाज ऐकू आला. हळू, चाचपडत, सरांचं वाक्य म्हणणारा. "द मॅनेजर इज..." एवढं ती म्हणाली आणि अडली. घंटी वाजली, सर पुढे गेले.

मी बटण दाबून कॅसेट मागे नेली. पुन्हा तेच. मला वाटलं, कंपनीवाल्यांनीच नमुना म्हणून एखादी विद्यार्थिनी ठेवली असेल, आणि मी एवढे दिवस स्वतःच्याच बडबडीत तिला ऐकलं नसेल. उलट बरं वाटलं मला. माझ्यासारखीच अडखळणारी कोणीतरी सोबतीला होती.

त्याच आठवड्यात बाबा पहिली पाळी करून लवकर घरी आले. मी कॅसेट लावून बसले होते. ते खुर्चीवर टेकले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "ह्या चेडू कोणाचा गो? बरा बोलता."

बाबा मुलीला चेडू म्हणायचे. मी त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं की कॅसेटमधली आहे, शिकतेय माझ्यासारखीच. त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते रोज माझ्यासमोर बसायला लागले. मला वाटायचं लेक इंग्रजी बोलते याचं कौतुक. बाबांना ऐकू येत नाही, मग ती मुलगी कशी ऐकू आली, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही. आता आठवलं की माझा मलाच राग येतो.

मग एका दुपारी मी जुना धडा उजळणीसाठी लावला. "द मॅनेजर इज..." इथे ती अडते, हे मला पाठ होतं. ती अडली नाही. "द मॅनेजर इज नॉट इन हिज ऑफिस," ती म्हणाली. पूर्ण वाक्य, घंटीच्या आत.

मी कॅसेट काढून पाहिली. तीच होती. त्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून कंपनीच्या कॅसेटच्या पाठीवर ज्या दोन चौकोनी खाचा असतात, त्या होत्या. आमच्या टू-इन-वनवर रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबून पाहिलं, ते खाली जाईचना. तरी मी स्वतःला दटावलं, की तूच नीट ऐकलं नसशील.

साक्षीदार हवा म्हणून शेजारच्या इमारतीतल्या छायाला बोलावलं. तिला एक अवघड धडा ऐकवला, त्यात ती मुलगी तीनदा अडखळली. छाया म्हणाली, "त्यात काय यार, कोणीतरी प्रॅक्टिस करतेय." चार दिवसांनी तिला तोच धडा पुन्हा ऐकवला. मुलगी घडाघडा बोलली.

छायाने टू-इन-वनचं झाकण उघडून आत पाहिलं. "कॅसेट बदललीस ना तू?"

"नाही गं."

"खरं सांग हां."

"आईशप्पथ नाही."

"मग मला घरी जायचंय," ती म्हणाली आणि चप्पल हातात घेऊनच जिना उतरली. त्यानंतर ती आमच्या घरी येईनाशी झाली, खालूनच हाक मारायची.

तुम्ही म्हणाल, मग बंद का केलं नाहीस? मुलाखत जवळ आली होती, हे एक. दुसरं म्हणजे, ती जशी सुधारत होती तशी मीही सुधारत होते. ती आधी बोलायची, मी तिच्या मागून. भीती वाटायची, पण मी कॅसेट लावायचेच. नोकरी मिळेपर्यंत बाबांची सुटका नव्हती.

आता राहिली होती शेवटची कॅसेट. धड्याचं नाव होतं 'मुलाखत'. त्यात सर वाक्य म्हणत नव्हते, नुसते प्रश्न विचारत होते. तुमचं नाव काय, कुठे राहता, घरी कोण असतं... उत्तरं ज्याची त्याने द्यायची. म्हणजे त्या रिकाम्या जागेत ती मुलगी स्वतःचं काहीतरी सांगणार होती. ती कॅसेट मी रोज उचलायचे आणि परत ठेवायचे. मुलाखतीच्या आदल्या दिवसापर्यंत ती लावली नाही.

त्या दुपारी बाबा समोर बसले होते, बूट अजून पायातच. आई देवळात गेली होती. मी बटण दाबलं.

"व्हॉट इज युवर नेम?" सरांनी विचारलं. घंटी वाजली. काही नाही, नुसती खरखर. मग दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. मुलगी गप्प. माझा जीव भांड्यात पडला आणि मी मोठ्याने स्वतःची उत्तरं द्यायला लागले.

"टेल अस अबाऊट युवर फादर," सर म्हणाले.

मी तोंड उघडलं, आणि ती बोलली. अगदी सावकाश. पहिल्या धड्यात बोलायची तशी, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखी.

"माय फादर हॅज पेन इन द चेस्ट. ही टेल्स नोबडी. प्लीज आस्क हिम टुडे."

माझ्या वडिलांच्या छातीत दुखतं. ते कोणालाच सांगत नाहीत. त्यांना आजच विचारा. शाळेत अर्थ न कळता मी उतारेच्या उतारे उतरवले होते. या तीन वाक्यांचा अर्थ मला ऐकता ऐकता कळला. घंटी वाजली. सर आईबद्दल विचारायला लागले. मी कॅसेट बंद केली.

बाबा हसत माझ्याकडे बघत होते. "काय बोलला गो ता?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि तोंड नीट हलवून विचारलं, "बाबा, तुमच्या छातीत दुखतं का?"

त्यांचं हसू गेलं. ते दाराकडे बघायला लागले. "तुका कोणी सांगल्यान?"

"दुखतं का ते सांगा."

"सकाळधरना जरा जास्ती आसा," ते म्हणाले. "तुझो इंटरव्ह्यू होवंदे. मगे बघूया."

शर्टाखाली ते घामाने भिजले होते. मी खाली जाऊन रिक्षा आणली. मी आणि छायाच्या भावाने त्यांना खुर्चीसकट उचलून खाली उतरवलं. पालिकेच्या हॉस्पिटलात डॉक्टरने त्यांना लगेच आत घेतलं. नंतर बाहेर येऊन तो म्हणाला की झटका सकाळपासूनच सुरू होता, आजची रात्र घरी काढली असती तर कठीण होतं. देवळातून धावत आलेली आई भिंतीला टेकून रडत होती. आम्हा दोघींना काहीच माहीत नव्हतं. बाबा महिनोन्‌महिने दुखणं अंगावर काढत होते, माझ्या नोकरीची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी मी मुलाखतीला जाणार नव्हते. कॉटवरून बाबांनी हाताने दरवाजा दाखवला, आणि त्यांचा तो चेहरा मला पुरेपूर माहीत होता. मी गेले. तिथे सुटातल्या एका साहेबांनी विचारलं की वडील काय करतात. माझं पाठ केलेलं उत्तर तयार होतं, पण तोंडून निघालं, "माय फादर इज इन हॉस्पिटल, सर." त्यांनी पुढचं विचारलं, मी सांगत गेले. कोणाची नक्कल न करता मी इंग्रजीत बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा. नोकरी मिळाली. बाबांनी ड्युटी सोडली.

ते घरी आल्यावर मी ती कॅसेट पुन्हा लावली. सर्व रिकाम्या जागा रिकाम्याच होत्या. बाकीच्या कॅसेटीही लावल्या. मुलगी कुठेच नव्हती. बोरिवलीच्या बाईंकडे जाऊन आले; त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि कॅसेटी त्यांनी कधी ऐकल्याही नव्हत्या. एका डॉक्टर मैत्रिणीचं म्हणणं असं की बाबांचा थकवा माझ्या मनाने ओळखला होता, आणि तेच मला कॅसेटमधून ऐकू आलं. मी बरीच वर्षं तेच खरं मानून चालले. छायाचं काय, असं विचारलं की ती मैत्रीण विषय बदलायची.

मग माझी मुलगी शाळेत जायला लागली. एकदा आम्ही गावी गेलो असताना तिची इंग्रजी गाण्यांची कॅसेट ओटीवर लावली होती. बाबा शेजारीच बसले होते, त्यांना अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी कॅसेटकडे बोट दाखवून मला विचारलं, "हेच्यात ता चेडू नाय?"

"नाही बाबा. ती त्या जुन्या कॅसेटमध्ये होती."

"ता बरा होता. बोलायचा, मगे गप ऱ्हवायचा. मगे परत बोलायचा."

"गप्प नाही हो राहायची. मध्ये सर बोलायचे ना. तो पुरुषाचा आवाज."

बाबांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्यांना वाटलं, आपण ओठांवरून चुकीचं वाचलं. मी पुन्हा सांगितलं.

"खयचो पुरुष? खयचो बापयो?" ते म्हणाले. "माका कधी कोण बापयो ऐकाक येवक नाय. ता चेडूच होता. एकटाच."

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दुपारनंतर ते जेवढे जगले, ते मी त्या मुलीच्या खात्यावर धरते. ती कोण होती, मला माहीत नाही. घरातल्या माणसांच्या हाका ज्या कानांना ऐकू येत नव्हत्या, त्यांना तिचा एवढा हळू आवाज कसा ऐकू यायचा, तेही माहीत नाही. माझ्या मनाचा खेळ म्हणावा तर माझ्या मनातलं बाबांना कसं ऐकू येईल? कॅसेट अजून कपाटात आहे. ती लावायला घरात आता काही उरलेलं नाही, आणि उरलं असतं तरी माझं धाडस झालं असतं असं वाटत नाही... कारण आता ती बोलली, तर कोणाबद्दल बोलेल?