सगळ्यांचा श्वास वीस

अकरा वर्षं वॉर्डात राबलेल्या नर्सला कोणी उगाच खुर्ची आणि एसी देत नाही. म्हणून नोंदी तपासायला मला कॉम्प्युटर विभागात बसवलं, तेव्हा आधी संशयच आला. मेट्रन मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला वॉर्ड कळतो, म्हणून." मला वाटलं, वॉर्डातल्या बायका कुठे हात आखडता घेतात ते मला ठाऊक आहे, म्हणून. नर्सिंग इन्फर्मॅटिक्सचा, म्हणजे पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर सांभाळण्याचा, कोर्स मी सुट्ट्या घालवून केला होता, आणि या कामावर कायम करायचं की परत वॉर्डात धाडायचं, हे माझ्या पहिल्या अहवालावर ठरणार होतं.

दुसऱ्याच आठवड्यात सापडलं. पुरुषांच्या वॉर्डातल्या तीस पेशंटचे ताप, नाडी, श्वास सकाळी चार मिनिटांत भरलेले. बसल्या जागी ठोकून दिलेले असणार, दुसरं काय? लॉगिन इन्चार्ज सिस्टरचं होतं. मला पहिलं इंजेक्शन द्यायला त्यांनीच शिकवलेलं. निवृत्तीला चार महिने राहिलेले. अहवालात नाव गेलं की चौकशी लागणार. वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला.

मी वॉर्डात गेले.

"या मॅडम," लोणी काळभोरहून रोज येणाऱ्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "हेरगिरीला का?"

मी चार मिनिटांचं विचारलं. त्यांनी एप्रनच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. प्रत्येक खाटेचा ताप, नाडी, बीपी, आणि पुढे वेळ.

"कॉम्प्युटर एकच हाय. सकाळी डॉक्टर त्याला सोडत नाहीत. ते उठले की आम्ही सगळं एकदम भरतो."

कागद मी दोनदा तपासला. वेळा खाटेगणिक पुढे सरकत होत्या; खरा होता. फक्त त्यावर श्वासाचा रकाना नव्हता.

"आणि श्वास?"

"सगळ्यांना वीस. मोजतंय कोण?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला काय नवीन हाय ते?"

शेजारच्या खाटेवर एक आजोबा पेपर वाचत होते. "मला काही होत नाही," ते आपणहून म्हणाले. माझा त्यांच्यावरही विश्वास बसला नाही. घड्याळ समोर धरून मी त्यांच्या छातीकडे पूर्ण मिनिटभर बघत राहिले. बत्तीस. वीसपर्यंत ठीक, तीसच्या वर धोका. सिस्टरनी स्वतः पुन्हा मोजलं आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. दुपारी आजोबांना आयसीयूत हलवलं.

अहवाल लिहायला बसले, सिस्टरचं नाव टाइप केलं आणि थांबले. मग त्याच वॉर्डातल्या माझ्या लॉगिनच्या जुन्या नोंदी उघडल्या. तीन वर्षांत माझा एकही पेशंट वीसच्या वर किंवा खाली श्वास घेत नव्हता. जे दगावले, तेही शेवटच्या सकाळी वीसच. मला भीती वाटली, आणि स्वतःची लाजही.

अहवालात पहिलं नाव मी माझं घातलं.