हॅरल्डचा कॅम्पर हलेना!

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे भुतांवर विश्वास न ठेवण्याची जबाबदारी माझ्यावरच होती.

अमेरिकेत बॉथेलला राहत असताना आम्ही शेजारच्या आजींकडून जुना कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, घेतला. कारण आई! शनिवारी ती भारतात परत जाणार होती आणि तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पण ती बाहेरचं खाणार नाही, बाहेरच्या संडासात जाणार नाही. मग स्वयंपाकघर आणि संडास गाडीला बांधून ओढत नेणं, एवढाच मार्ग उरला.

"माझ्या हॅरल्डचा फार जीव होता याच्यावर," किल्ली देताना आजी म्हणाल्या. "कुणाला हात लावू द्यायचा नाही." (त्यांचे यजमान हॅरल्ड दुपारच्या झोपेत याच कॅम्परमध्ये गेले, हे त्यांनी किल्ली माझ्या हातात पडल्यावर सांगितलं!)

पिकअपच्या हौद्यात कॅम्पर जोडायचा आकडा, म्हणजे 'हिच', मी स्वतः बसवला. वंगण फासलेली जाड पोलादी थाळी आणि मधोमध जबडा. कॅम्परचा खुंटा आत शिरला की जबडा मिटतो. "आई, सगळा भार याच्यावर!" मी अभिमानाने दाखवलं. आईने त्याला हात जोडले.

निघायच्या सकाळी एवढं धुकं, की स्वतःचे बूट दिसेनात. पिकअप मागे घेतली. खट्! कॅम्परचे पाय टेकलेलेच ठेवून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे जरा पुढे ओढून पाहिलं. पिकअप पुढे आली. कॅम्पर जागेवर! पुन्हा खट्. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी रिकाम्या कॅम्परचं दार सावकाश, करकरत उघडलं... आणि आतून टक, टक...

"वैशाली, आत कोण आहे?"

"कुणी नाही रे," बायको धुक्यातून ओरडली. "मी तर घरात, किचनमध्ये आहे!"

उदबत्तीचा वास आला. मी वाकून पाहिलं. थाळीच्या कडेवरून लाल, पातळ थेंब गळत होते.

"सर," मी इंग्रजीत कुजबुजलो, "दोनच दिवस! आईला समुद्र दाखवतो आणि लगेच परत आणतो, सर!"

टक.

"अरे, ओढतोस काय असा?" कानाशी आवाज आला. मी किंचाळलो. आई होती! "गणपती बसलेत तिथे. उत्तरपूजा केल्याशिवाय हलतील होय?"

"गणपती? कुठे?"

"तूच म्हणालास ना, सगळा भार याच्यावर? मग पहाटे पूजा केली मी."

जबड्याच्या सांध्यात, काळ्या वंगणात, सुपारीचे गणपती घट्ट विराजमान होते! ओल्या हवेत भिजलेलं कुंकू ओघळत होतं, कोपऱ्यात उदबत्ती धुमसत होती. आणि टकटक? माझ्या धक्क्यांनी उघडलेलं दार आपटत होतं. आईने अक्षता वाहिल्या, सुपारी काढली. खट्! या वेळी जबडा मिटला; कॅम्परचे पाय उचलताच तो निमूट मागे आला.

संध्याकाळी आई घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून समुद्र बघत होती. मग वळून म्हणाली, "भुतांवर विश्वास नाही ना तुझा? मग सकाळी 'सर, सर' करून कुणाला विनवत होतास?"

आमच्या शाळेत शिकवलं होतं, वडीलधाऱ्यांशी अदबीने बोलावं. ते हयात असावेत, अशी अट कुणी घातली नव्हती!