समोरचा फुटपाथ

माझ्या वडिलांचा एक नियम होता: मत दिल्याशिवाय चहा नाही. सांगलीत मतदानाच्या दिवशी सकाळी आमचा स्टोव्ह पेटतच नसे. वडील आम्हा पोरांनाही तसंच रिकाम्या पोटी शाळेपर्यंत चालवत न्यायचे. आमचा मताशी काडीचा संबंध नसायचा, पण सवय लागायला हवी, हे त्यांचं म्हणणं. ते शाईचं बोट घेऊन परत आले की मग आई आधण ठेवायची.

हा नियम मी डेट्रॉइटपर्यंत नेला खरा, पण तो पाळायची वेळ कित्येक वर्षं आली नाही. मी तिथे राहत होते, नागरिक नव्हते.

समोरच्या घरातल्या बाईला मी हा नियम सांगितला तेव्हा ती भलतीच खूश झाली. ती साठीची विधवा, पोलंडहून आलेल्या आजोबांची नात, जिभेला हाड नसलेली. तिकडच्या राज्यालाही आपल्यासारखी विधानसभा असते, आणि आमच्या भागाच्या आमदाराचं ऑफिस हीच बाई वर्षानुवर्षं सांभाळत होती. कुणाच्या तळघरात पाणी शिरलं, कुणाच्या गल्लीतला दिवा गेला, की फोन तिलाच. आमदार आता निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी ती उभी राहणार, हे आमच्या रस्त्याने गृहीतच धरलं होतं. तिने तर आयुष्यभर त्याचीच वाट पाहिली होती.

आमच्या मतदारसंघाचा इतिहास तिने मला तिच्या पोर्चवर बसून सांगितला. मी मटार सोलत असे, ती सिगारेट ओढत असे. एका बाजूला नदी, दुसरीकडे रेल्वेचं यार्ड, तिसरीकडे बंद पडलेला शेगड्यांचा कारखाना, एवढाच तो तुकडा. आधी जर्मन होते, मग तिची माणसं आली, मग दक्षिणेकडून काळी कुटुंबं आली. पहिलं काळं कुटुंब राहायला आलं तेव्हा त्यांच्या खिडक्या फुटल्या. दगड मारणाऱ्यांत तिचा सख्खा काका होता, हेही तिने सांगून टाकलं. त्याच घरातला मुलगा पुढे आमदार झाला आणि ती त्याचे फोन घ्यायला बसली. "आणि आता तुम्ही," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. "मला तुझं मत हवंय."

ती हात धुवून मागे लागली. अमेरिकन नागरिक व्हायचं तर भारताचं नागरिकत्व सोडावं लागे, आणि तेव्हा दोन नागरिकांना साक्षीलाही उभं राहावं लागे. माझी एक साक्षीदार ती झाली. भारताचा निळा पासपोर्ट गेला त्या दिवशी मी कोर्टाच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. वडिलांना ट्रंक कॉल लावला. खरखरीत त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग ते म्हणाले, "बरं. आता तिथलं तरी मत चुकवू नकोस."

पुढच्या वर्षीचा गुढीपाडवा आम्ही नेहमीप्रमाणे सोयीच्या शनिवारी केला. मंडळी दूरदूरच्या उपनगरांतून यायची, कुणी नोव्हायहून, कुणी त्याच्याही पलीकडून. शहरात आम्हीच उरलो होतो आणि त्यावरून आमची भरपूर चेष्टा व्हायची. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा अशी पद्धत होती. समोरची बाई आली ती बटाट्याचं सॅलड घेऊन, आणि श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी ऐसपैस बसली.

आमच्यात एक इंजिनिअर होते, मुलं त्यांना काका म्हणत. दिवसा मोटारींच्या कंपनीत, आणि जोडीला कॉम्प्युटरची बाहेरची कामं. जेवता जेवता त्यांनी मराठीतच विषय काढला.

"वहिनी, सध्या काय मस्त काम मिळालंय सांगू. जनगणना झाली ना, आता सगळी इलेक्शन डिस्ट्रिक्ट्स रीड्रॉ करायची. पॉप्युलेशन इक्वल पाहिजे. डेटा फीड केला आणि रन केलं, यार, दोन मिनिटांत क्लिअर. शहरातली माणसं कमी झालीत, सगळी आमच्याकडे सबर्ब्जमध्ये आलीत. म्हणजे एक डिस्ट्रिक्ट एलिमिनेट करणं भाग होतं."

"कुठलं?" मी विचारलं.

"हेच की, तुमचं. सगळ्यात एलिगंट सोल्युशन तेच आलं." आणि त्यांनी पुरीचा घास श्रीखंडात बुडवला.

माझ्या हातातलं वाढायचं तसंच राहिलं. मतदारसंघ पुसता येतो हे मला माहीतच नव्हतं. आमदार पडतो, सरकार पडतं, पण नदी आणि यार्ड यांच्यामधली जागा कशी पडेल? आणि ती पाडणारा माणूस माझ्याच घरी, माझंच श्रीखंड खात होता आणि चांगला माणूस होता. माझ्या मुलाला सायकल शिकवली होती त्याने.

"काय म्हणतोय तो?" बाईने मला विचारलं. ती सगळ्यांकडे बघून हसत होती.

मी गोड काहीतरी सांगू शकले असते. पण संताप इतका आला होता की मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. काकांचा चेहरा उतरला. त्यांना बिचाऱ्यांना ती कोण, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ती मात्र ओरडली नाही. त्यांच्यापुढे तिने कागदी नॅपकिन सरकवला आणि म्हणाली, "काढून दाखवा."

त्यांनी काढलं. रेघ थेट आमच्या रस्त्याच्या मधोमध गेली. आमची बाजू उत्तरेच्या एका मतदारसंघात. तिची बाजू पश्चिमेच्या उपनगरांना जोडलेली, जिथे तिला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. "अजून फायनल नाहीये," काका पुटपुटले. तिने त्यांचे आभार मानले, सॅलडचं भांडं उचललं आणि रस्ता ओलांडून घरी गेली.

पण झालं तसंच. नकाशा मंजूर झाला, नॅपकिनवर होता अगदी तसा. आमच्या मतदारसंघाचा नंबरसुद्धा त्यांनी दूरच्या कुठल्यातरी भागाला देऊन टाकला, गेलेल्या माणसाचा सदरा शेजारच्याला द्यावा तसा.

तरीही ती उभी राहिली, त्या पश्चिमेच्या मतदारसंघातून. ऑगस्टमध्ये उमेदवार ठरवायला पक्षातल्या पक्षात निवडणूक होते, आणि आमच्याकडे कायम एकच पक्ष जिंकायचा, म्हणून तीच खरी. सकाळी ती मला गाडीतून घेऊन गेली. माझ्या वडिलांचा नियम तिनेही पाळला होता, कॉफीचा थर्मास मागच्या सीटवर बंद होता. शाळेच्या जिममध्ये पोचलो तर दोन टेबलं आणि दोन रांगा. दारातल्या माणसाने आमचे पत्ते विचारले आणि तिला डावीकडे, मला उजवीकडे पाठवलं.

मला सगळं आधीच ठाऊक होतं. तरी मतदानाच्या मशीनचा पडदा माझ्यामागे बंद झाला आणि मी तिचं नाव शोधायला लागले. वरून खाली, परत वरून खाली. एकही नाव ओळखीचं नव्हतं. ह्यासाठी मी पासपोर्ट दिला होता? बाहेरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, मदत हवी का?" मी एकही खटका न दाबता पडदा उघडला आणि बाहेर आले.

ती गाडीच्या बॉनेटवर दोन कप मांडून उभी होती.

"तू यादीत नव्हतीस," मी म्हटलं. "मी कुणालाच दिलं नाही."

मला वाटलं, ती मला जवळ घेईल. तिने थर्मासचं झाकण फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. इतका कठोर चेहरा तिने त्या पाडव्याच्या जेवणातही केला नव्हता.

"मी कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, ही बाई चांगली नागरिक होईल," ती म्हणाली. "फक्त माझ्यापुरती होईल, असं नव्हतं सांगितलं."

मग तिने स्वतःचा कप भरला. माझा तसाच ठेवला.