दाराशेजारचं टेबल

धायरीहून शहरात यायचं म्हणजे अर्धा जीव रस्त्यातच जातो. बसमधून उतरलो तेव्हा आल्या पावली परत फिरावं असंच वाटत होतं. पण माझी नवी कादंबरी येऊन बरेच महिने झाले होते, आणि ती त्या टेबलावर आहे का, हे एकदा बघायचंच होतं.

पुस्तकांचं हे दुकान फार जुनं. एके काळी संध्याकाळी इथे लेखक जमायचे आणि उभ्या उभ्या एकमेकांची सालटी काढायचे. दाराशेजारच्या टेबलावर मालकांनी स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं आणि त्यांना पटलेलंच पुस्तक येतं. बाकी सगळी मागच्या कपाटांत. प्रकाशकांनी आर्जवं केली, एक नामवंत कवी कायमचे रुसले, नियम काही वाकला नाही. मी जन्मभर लिहितो आहे. माझं एकही पुस्तक त्या टेबलावर आलेलं नाही. पुरस्कार मिळाले, पण ही ठसठस काही गेली नाही.

टेबलावर जुनीच पुस्तकं होती, धूळ खात पडलेली.

"ओळखलंत का?" मी मालकांना विचारलं.

"आवाजावरून. डोळे गेले आता. तुमची कादंबरी आलीय, मागे आहे. वाचता आलेली नाही, त्यामुळे चांगली आहे असं धरून चाललोय."

"मग टेबलाचं काय?"

"कुणी वाचून दाखवलं तर बघू. आपल्याला घाई आहे का?"

घाई कसली! मी कादंबरी काढली, स्टुलावर बसलो आणि वाचायला लागलो. पहिलं प्रकरण बरं गेलं. दुसऱ्यात तेच दुःख पुन्हा आलं, तिसऱ्यात पुन्हा. पाणी वाढवलेल्या आमटीसारखं सगळं. घसा कोरडा पडला. मी थांबलो.

"का थांबलात?"

"पुढेही हेच आहे," मी म्हणालो. फार वाईट वाटलं, पण खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

त्यांनी समजूत घातली नाही. "मग दुसरं काढा. आलाच आहात तर."

हाताला लागलं ते एका मुलीचं पहिलंच, बारीकसं पुस्तक. तिचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. लोणी काळभोरकडच्या बायकांच्या गोष्टी होत्या. वाचता वाचता चहा आला, गार झाला. मालक मध्येच मोठ्याने हसले. एक परिच्छेद तर मी न सांगताच पुन्हा वाचला. असं आपल्याला का जमलं नाही, हे सारखं मनात येत होतं, तरी पुस्तक खाली ठेववेना. शेवटचं पान संपलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

"तुम्हाला कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"चांगलं आहे. फारच चांगलं."

"मलाही पटलं. ठेवा मग."

मी रुमालाने टेबल पुसलं, जुनी पुस्तकं सरकवून मधोमध जागा केली आणि तिचं पुस्तक उभं करून ठेवलं.

"रस्त्यावरून दिसतंय का?" मालकांनी विचारलं.

मी बाहेर फुटपाथवर जाऊन पाहिलं. नाव स्पष्ट वाचता येत होतं.