जावयाला दिलेली मशीन
सन २०१६, माझं वय अडुसष्ट. जावयानं नेलेली झाडं कापायची मशीन बंद पडून घरी आली. इंजन खोललं तर पिस्टनवर ओरखडे, अन् वास नुसत्या कोऱ्या पेट्रोलचा. ऑइल मिसळलं न्हाय की ते असंच करपतंय. इचारलं तर जावई म्हणले, "मिसळलं की मामा, तुमच्या लेकीच्या गळ्याची शपथ." तिथंच माझा संशय पक्का झाला, खऱ्याला शपथ कशाला लागती? भूमच्या बाजारातून पिस्टन-रिंगा आणून म्या लिंबाखाली बसून इंजन जुळवलं. कार्बोरेटरचा स्क्रू केसभर मागंपुढं करत आवाज एकसारखा लावला. ऑइलचा निळा धूर नाकात गेला तवा जीव भांड्यात पडला. त्याच सांजंला जावई दारात. "मामा, बांधावरची बाभळ पडलीय, मशीन द्या की." जावयाला न्हाय म्हणायची आमच्यात रीत न्हाय. म्हणलं, "पाव्हणं, आज मुक्काम करा, सकाळी देतो." पर या बारीला मशीनसंगं आपुनबी जायचं, असं मनाशी ठरवलं. लेकीच्या घरचं पाणीबी म्या पीत न्हाय, ते आजबी मोडलं न्हाय. म्हणून सकाळी भाकरी बांधली, पाण्याची बाटली अन् ऑइलचा डबा पिशवीत टाकला, अन् मशीन मांडीवर घिऊन जावयाच्या फटफटीवर मागं बसलो.